वाशिष्ठीचा गाळ

२२ जुलै, गुहागर

आज सकाळी सातला भट्टी उघडली. परवा रात्री बंद केली होती, तेव्हापासून दोनदा झाकणाला हात लावून मागे फिरले. पहिल्या वर्षी मला एवढाही धीर नव्हता. बातमी संध्याकाळच्या आत गेलीच पाहिजे ही चौदा वर्षांची सवय अंगात भिनलेली. भट्टी गरम असतानाच उघडली आणि आतले वाडगे टिंग, टिंग वाजत माझ्यासमोर तडकले. तो आवाज अजून कानात आहे.

तारीख मी ठरवली नव्हती, जुळून आली. २०२१ साली याच दिवशी चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या फुगलेल्या, त्यात खाडीला भरती. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा मी वही घेऊन बाजारपेठेत होते. १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तिथली पुस्तकं भिजून फुगली होती. पानं सुटी होत नव्हती, नुसता लगदा. मी ते सगळं भराभर लिहून घेत होते. 'सर्वत्र चिखलाचे साम्राज्य' हे शब्द तर हाताला पाठच झालेले.

एका बोळात एक काकू दारात पातेली धूत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लिहून झालं का गो? मग हा टब धर जरा."

वही पिशवीत टाकली. दुपारपर्यंत त्यांच्या माजघरातला गाळ घमेल्याने बाहेर काढला. रॉकेलचा वास येत होता, पण हाताला तो गाळ लोण्यासारखा लागत होता. मुठीत दाबला की बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटायचे. पाच वर्षं पूर-वादळं लिहीत होते, चिखलाला पहिल्यांदा हात लावला तो त्या दिवशी. निघताना काकूंकडून एक रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला आणि भरून आणला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मुळात मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केलेली. चित्रकला शिक्षकाची जागा कुठे निघेना म्हणून वृत्तपत्रात पानं लावायला लागले आणि पानं लावता लावता बातमीदार झाले. ते काम मला मनापासून आवडायचं, हे लिहून ठेवते. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या, तेव्हा काठावर आपल्या माणसांची वाट बघत बसलेल्यांना मी प्रश्न विचारत फिरले होते. ते चेहरे पुढे झोपेत यायचे. माझी शेवटची मोठी बातमीही गाळाचीच. वाशिष्ठीतला गाळ उपसा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले होते. त्यानंतर काही महिन्यांनी शाळेत जागा निघाली आणि मी अर्ज केला.

माती शिकवली कुंभारवाडीतल्या काकांनी. चाकावर बसायच्या आधी महिनाभर नुसती मळायला लावली. "समुद्राची वाळू मिसळू नको," हा त्यांचा पहिला धडा. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो. भाजल्यावर त्याचा चुना होतो, तो हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि महिन्याभराने चांगल्या भांड्याची कपची उडते. माझ्या दोन कुंड्या अशाच गेल्या. काका खापरोळ्यांची खापरं अजून करतात. पावसात मात्र त्यांचं काम बंद. माझी भांडीसुद्धा या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस सुकत नाहीत, आणि ओलं भांडं भट्टीत घातलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं.

डब्यातला गाळ गेल्या महिन्यात काढला. त्याची भांडी करायचा विचार सोडला होता. आपल्याकडची लोखंड असलेली माती हजार अंशांपर्यंत छान भाजते, बाराशेच्या पुढे मात्र बसते, वितळते. वितळते तर तिचं ग्लेझच, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थरच करावा, असं मनात आलं. गाळ पाण्यात कालवून बारीक चाळणीतून दोनदा गाळला, त्यात चुलीची राख घातली आणि विकतच्या मातीच्या सहा वाडग्यांवर ओतला. १२२० अंश.

सहातले दोन भट्टीतल्या फळीला चिकटले, राख जास्त होऊन ग्लेझ ओघळलं. बाकीचे चार समोर आहेत. पोटाला काळसर तपकिरी, चकचकीत. काठावर थर पातळ झाला तिथे कोकमाच्या सालीचा रंग. आत तळाशी ग्लेझ साचून गडद झालंय, खिडकी दिसते त्यात.

एक वाडगा आठवीच्या वर्गात नेला. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट येऊन पडलेत, त्यामुळे पोरांचं अर्धं लक्ष तिकडेच. वाडगा हातोहात फिरला. मागच्या बाकावरच्या एकीने तो दोन्ही हातांत धरून ठेवला, पुढे देईना. तिचं आजोळ चिपळूणचं.

"बाई, ह्यो आमच्या घरात शिरलेला तोच गाळ?"

तोच, म्हटलं. तिने बोटाने काठ चाचपला, मग वास घेऊन बघितला.

"वास गेला," म्हणाली.

रविवारी चिपळूणला जायचंय. काकूंचा डबा अजून माझ्याकडेच आहे. तो घासून ठेवलाय, वाडगा त्यातच बसतो.