जाड अक्षरांतली येणी

उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयातला जुना संगणक मी अलीकडेच बदलून दिला. जुन्या यंत्रावरील ईमेल नव्या यंत्रावर नेणे एवढेच काम होते आणि बेळगावात संगणकदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याला ते नवे नाही. तरीही त्यातील एक गोष्ट अजून माझ्या मनात घोळते आहे, म्हणून ती लिहून काढतो आहे.

यंत्र विंडोज एक्सपीचे होते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, पण आमच्याकडच्या कारखान्यांत अशी यंत्रे आजही भेटतात आणि दर वेळी त्यामागे कंजुषी असतेच असे नाही. येथे चलनाच्या कार्बन प्रती काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टवर चालत होता, आणि चालणाऱ्या वस्तूला हात लावू नये हा कारखानदारीतला शहाणपणाचाच नियम आहे. यंत्र बदलावे लागले ते बिघडले म्हणून नव्हे, तर ईमेलची सेवा देणाऱ्यांनी जुन्या पद्धतीची जोडणी स्वीकारणे बंद केले म्हणून. एक्सपीवरील आउटलुक एक्स्प्रेस या ईमेलच्या कार्यक्रमाची मजल टीएलएस या जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या १.० आवृत्तीपर्यंतच जाते, आणि ती आवृत्ती इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ च्या मार्चमध्ये अधिकृतपणे मोडीत काढली. त्यानंतरही काही सेवादार बरीच वर्षे ती चालवून घेत राहिले. ज्या दिवशी यांच्या सेवादाराने दार लावले, त्या दिवसापासून मेल येईनाशी झाली.

मालकांचा मुलगा इंजिनिअर आहे, हुशार आहे, आणि त्याच्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे मेल ही कुठेतरी वर असते असे धरून चालतो. "सगळं सर्व्हरवर असतंय की ओ. नव्या मशीनवर पासवर्ड घातला की येतंय खाली," असे त्याने मला पहिल्याच फोनवर सांगितले. मी गेल्यावर सर्व्हर उघडून दाखवला, तेव्हा त्यात अलीकडची थोडीशी पत्रे होती. पॉप३ या पद्धतीत, सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली नसेल, तर पत्र यंत्रावर उतरले की सर्व्हरवरून जाते. पोस्टातून पत्र घरी आणल्यावर पोस्टात त्याची प्रत उरत नाही, तसेच हे. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची ऑर्डरे, ड्रॉइंगांच्या मंजुऱ्या, रिजेक्शनची भांडणे आणि डेबिट नोटा (गिऱ्हाइकाने रक्कम वळती केल्याच्या चिठ्ठ्या) हे सगळे टेबलाखालच्या त्या एका धुळकट डब्यात होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

तो डबा कसा उघडायचा, हे आमच्या धंद्यातही फार थोड्यांना ठाऊक असते, याचे मला नेहमी वाईट वाटते. आउटलुक एक्स्प्रेस आपली पत्रे 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवत नाही. ती एका लपवलेल्या फोल्डरात, 'आयडेंटिटीज' नावाच्या पोटफोल्डराखाली, महिरपी कंसात आकडे आणि अक्षरे भरलेल्या एका लांबलचक नावाच्या फोल्डरात असतात आणि तेथे प्रत्येक कप्प्याची एकेक डीबीएक्स फाइल असते. ही फाइल दोन जीबीच्या घरात पोचली की आजारी पडते. शिवाय कार्यक्रम शंभर वेळा बंद केला की तो फायली आवळून घेण्याची परवानगी मागतो, आणि ते चालू असताना वीज गेली तर अख्ख्या कप्प्यावर पाणी सोडावे लागू शकते. आमच्या औद्योगिक वसाहतींतली वीज कशी येते-जाते हे येथील वाचकांना सांगायला नको. अँटिव्हायरसने एका पत्रातला विषाणू पाहून संपूर्ण इनबॉक्सची फाइलच जप्त केल्याच्या तक्रारीही मी सोडवल्या आहेत. आणि या सगळ्याहून मोठा धोका म्हणजे 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणारे आमचेच भाऊबंद, जे डेस्कटॉप आणि 'माय डॉक्युमेंट्स' पेनड्राइव्हवर घेतात आणि बाकीचे पुसून मोकळे होतात.

मी प्रथम संपूर्ण हार्डडिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढून घेतली. ती हातात असल्याशिवाय मी जुन्या यंत्रावर माउससुद्धा हलवत नाही. नव्या यंत्रावर ईमेलसाठी थंडरबर्ड घालायचे ठरले, कारण ते फुकट आहे आणि त्याची पत्रे साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, ज्या उद्या दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला वाचता येतील. डीबीएक्स थेट वाचून देतो म्हणणारी विकाऊ साधने बाजारात आहेत, पण माझा भरवसा जुन्या रीतीवर आहे: आउटलुक एक्स्प्रेसमध्ये कप्पा उघडायचा, सगळी पत्रे निवडायची आणि ओढून साध्या फोल्डरात टाकायची, की प्रत्येक पत्राची स्वतंत्र ईएमएल फाइल होते. त्या फायली मग थंडरबर्डमध्ये एका जोडसाधनाने आत घेता येतात. पत्राचा विषय हेच फाइलचे नाव होते आणि लांब नावे विंडोजने फाइलच्या पूर्ण पत्त्याच्या लांबीवर घातलेल्या मर्यादेला अडखळतात, म्हणून फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशीच आणि एकाक्षरी नावाचा ठेवायचा, आणि दर खेपेला इकडची व तिकडची संख्या ताडून पाहायची.

सीमाभागातल्या कार्यालयात आणखी एक काम निघते, ते पुण्याच्या माणसाला सुचणार नाही. कोल्हापूरच्या एका पुरवठादाराची जुनी पत्रे श्री-लिपीच्या फाँटमध्ये होती आणि कन्नडमधली काही पत्रे नुडीच्या. युनिकोडच्या आधीच्या या फाँटांत अक्षरे दिसतात कन्नड किंवा मराठी, पण आत असतात इंग्रजी कळफलकाचीच चिन्हे, त्यामुळे तो फाँट नव्या यंत्रावर नसेल तर पत्राची निव्वळ खिचडी दिसते. पत्र शाबूत असूनही मालक म्हणणार, तुम्ही फाइल बिघडवली. जुन्या यंत्रावरून ते फाँट उचलून नव्यावर बसवले आणि पत्रांना त्यांचे स्वतःचे फाँट वापरू देण्याची मुभा थंडरबर्डमध्ये दिली, तेव्हा दोन्ही लिप्या जागेवर आल्या.

हे होईपर्यंत कार्यालय सांभाळणाऱ्या मॅडम शेजारच्या टेबलावर चलने लावत होत्या. साठीच्या आसपासच्या, शहापूरच्या, मालकांच्या वडिलांच्या काळापासून येथेच कामाला असलेल्या. चाचणी म्हणून एक कप्पा नव्या यंत्रावर आणून मी त्यांना बोलावले. त्यांनी चष्मा सावरून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "पत्रं आली की ओ सगळी. पण जाड कुठली, बारीक कुठली, ते गेलं."

न वाचलेले पत्र यादीत जाड अक्षरांत दिसते आणि उघडले की बारीक होते, ही सोय सर्वांना ठाऊक आहे. मॅडमनी तिचा वेगळाच उपयोग केला होता. पत्र काही सेकंद उघडे राहिले की ते वाचलेले धरायचे, ही आउटलुक एक्स्प्रेसमधली आपोआप चालणारी व्यवस्था त्यांनी कधीच बंद करून टाकली होती. सकाळी ती खूण काढलेली पाहून मला नवल वाटले होते, कारण ऑफिसातल्या माणसाने तो पर्याय मुद्दाम शोधून बंद केलेला मी याआधी पाहिला नव्हता. त्यांच्या हिशेबात जाड पत्र म्हणजे ज्यातले काही यायचे किंवा व्हायचे राहिले आहे असे पत्र. गिऱ्हाइकाने बिलातून परस्पर कापलेली रक्कम, तोंडी कबूल केलेला पण कागदावर न आलेला वाढीव दर, बदली कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पाठवल्यानंतरही मागे न घेतलेली डेबिट नोट, हे सारे जाड. लाल झेंडीची खूण केलेले पत्र म्हणजे त्या गिऱ्हाइकाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, अजून आपल्या शेडमध्ये आहे. आणि जे मिटले, ते 'डिलीटेड आयटम्स'मध्ये. तो कप्पा कधीही रिकामा केलेला नव्हता. हजारो पत्रे तेथे सालवार पडून होती, आणि कचरा समजून तो सोडून देणारा माणूस त्यांचे अर्धे दप्तर सोडून गेला असता.

टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या कार्यक्रमात, नाही का हे, असे मी मॅडमना विचारले. टॅलीत बिल असते, आलेले पैसे असतात, पण 'पुढच्या लॉटमध्ये देतो' असे म्हणालेला माणूस टॅलीत नसतो. पॅटर्न तर अजिबातच नसतो, कारण तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा. फाउंड्रीने तो फक्त सांभाळायचा असतो, आणि दहा वर्षांनी एखादा सुटा भाग हवा झाला की तो मागायला येतो.

वाचलेले-न वाचलेले आणि झेंडी या दोन्ही नोंदी आउटलुक एक्स्प्रेस पत्रात लिहीत नाही, डीबीएक्स फाइलीत लिहितो. ईएमएल बाहेर काढताना त्या मागेच राहतात. म्हणून मी आधीचे सारे बाजूला ठेवून कामाची पद्धत बदलली. प्रत्येक कप्प्यात वाचलेली पत्रे लपवण्याचा पर्याय लावला, म्हणजे फक्त जाड उरली, ती वेगळ्या फोल्डरात ओढली. मग झेंडीच्या रकान्यावर क्लिक करून झेंडीवाली वर आणली, ती तिसऱ्या फोल्डरात. थंडरबर्डमध्ये एकेक गठ्ठा आत घेऊन जाड ती पुन्हा न वाचलेली केली आणि त्यांवर 'बाकी' व झेंडीवाल्यांवर 'पॅटर्न' अशा दोन खूणचिठ्ठ्या लावल्या. खूणचिठ्ठी पत्र उघडल्याने जात नाही, म्हणून ती मला जाड अक्षरांपेक्षा पक्की वाटली. 'बाकी'ला मी लाल रंग दिला होता. तो मॅडमनी नाकारला, कारण लाल शाई ऑडिटरची. गडद निळ्यावर आमचे जमले. या कामाचा मला अभिमान वाटतो, आणि हेही कळते की ते बाहेरून पाहणाऱ्याला अजिबात दिसत नाही.

बोलण्याच्या ओघात मुलाने सांगितले की पॅटर्नची शेड रिकामी करून तेथे संगणकावर चालणारे सीएनसी मशीन बसवायचे आहे आणि ज्या लाकडी पॅटर्नची नोंद सापडत नाही ते जळणात जाणार आहेत. नोंद माझ्यासमोरच्या पडद्यावर होती, झेंडी लावलेली, नावा-तारखेसह. मी मॅडमकडे पाहिले. त्या नंतर बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका. मालकांना मी सांगीन, माझ्या रीतीनं." त्यांचे निवृत्तीचे बोलणे चालू आहे हे मला शिपायाकडून कळले होते, त्यामुळे त्यांची रीत काय असेल याचा अंदाज मी केला आणि गप्प राहिलो. ती यादी फाउंड्रीची की मॅडमची, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. दप्तर मालकाचे असते हे खरे. पण ते दप्तर आहे हेच मालकाला कोणी सांगितले नव्हते, त्यांनीही कधी विचारले नाही, आणि इतकी वर्षे डेबिट नोटांचे पैसे परत येत राहिले ते कशामुळे, याची चौकशी कुणी केली नाही.

खाते कसे जोडायचे यावरून शेवटी अडले. मुलाला पत्रे सर्व्हरवरच ठेवणारी आयमॅप ही पद्धत हवी होती, म्हणजे मोबाइलवर आणि कार्यालयात एकच चित्र दिसते. तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर आहे आणि दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात मी तेच करून दिले असते. पण आयमॅपमध्ये वाचल्याची खूणही सामाईक असते. त्याने रात्री घरी मोबाइलवर पत्र उघडले की सकाळी मॅडमच्या यादीत ते बारीक झालेले असणार, आणि त्याच्या मोबाइलवर न वाचलेल्यांचा आकडा दिसला की तो एका बोटाने सगळे वाचलेले करून टाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून जुनी सर्व पत्रे मी यंत्रावरच्याच कप्प्यांत ठेवली, जेथे मोबाइल पोचत नाही, आणि मॅडमच्या यंत्रावर पॉपच लावले, मात्र या वेळी सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण करून. मुलाच्या मोबाइलवर आयमॅप. दोघांच्या वाचल्याच्या खुणा वेगळ्या.

बिलात मी 'प्रलंबित पत्रव्यवहाराची स्वतंत्र मांडणी' अशी ओळ घातली होती. मुलाने फोन करून ती कशाची आणि आजच्या काळात पॉप का लावले, हे विचारले. पहिल्याचे उत्तर मॅडमकडून घ्या म्हटले. दुसऱ्याचे उत्तर मी दिले: त्या आहेत तोवर हेच राहू द्या, नंतर बदलायला पाच मिनिटे लागतात, पण बदलण्याआधी 'पॅटर्न' या चिठ्ठीवर क्लिक करून समोर येणारी यादी एकदा छापून घ्या. तो बरे म्हणाला. कशाची यादी, हे त्याने विचारले नाही, आणि मॅडमना शब्द दिलेला असल्याने मीही आपण होऊन सांगितले नाही.