आमची वाटचाल : कोथरूड ते एटना, व्हाया मुळशी

क्वाड बाइक (मोटारसायकलसारखं हँडल असलेली, चार जाड चाकांची गाडी) एटनाच्या विवरापर्यंत जात नाही. पुण्यातून एटनाला छोटे ग्रुप नेणारे आम्ही हे फोनवर पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की गाडी काढायची, सुसाट वर जायचं आणि धुमसणाऱ्या तोंडाच्या काठावर उभं राहून सेल्फी घ्यायचा. तसं कोणी विकत असेल तर कृपा करून घेऊ नका. इटलीच्या सिसिली बेटावरचा हा जिवंत ज्वालामुखी ३,३०० मीटरच्या वर आहे, १९८७ पासून तिथे संरक्षित पार्क आहे, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत नाव आहे, आणि वरच्या भागात खासगी गाड्यांना मज्जाव आहे. क्वाड फिरते ती खालच्या-मधल्या उतारांवर, ठरवून दिलेल्या कच्च्या रस्त्यांनी, पाइनच्या जंगलातून, जुन्या लाव्ह्याच्या पट्ट्यांच्या कडेने. विवरांकडे जायचं असेल तर केबल कार, मग फोर बाय फोर बस, मग अधिकृत गाइडबरोबर पायी, आणि तेही त्या दिवशी जेवढं वर जायला परवानगी असेल तेवढंच. एवढं सगळं ऐकूनही ज्यांना यायचंय ते आमचे लोक.

आणि खरं सांगते, विवराचा दिवस वेगळा ठेवला तरी परत आल्यावर लोक बोलत बसतात ते क्वाडच्या दिवसाबद्दलच.

सुरुवात कशी झाली ते सांगते. मी फर्ग्युसनला जिऑलॉजी केलं. तेव्हा फील्डला वाघोलीच्या दगडखाणींत जायचो, तिथे काळ्या बेसॉल्टच्या (म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या दगडाच्या) पोकळीत कॅव्हन्साइट ह्या खनिजाचे निळेजर्द स्फटिक पाहिले आणि त्या दिवसापासून दगडांचं वेड लागलं ते लागलंच. पुढे नोकरी केली पण शनिवार-रविवारी सिंहगड, राजगड, राजमाची, नाणेघाट असे छोटे ग्रुप न्यायला लागले, किल्ल्याचा इतिहास सांगणारे खूप आहेत आणि ते छान सांगतात, मी ज्या कातळावर किल्ला उभा आहे त्याच्याबद्दल सांगायचे. घाटात रस्ता कापलाय तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो ना, तो म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरून नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. हे एकदा कळलं की माणूस गाडी थांबवून बघायला लागतो. आपलं पुण्याचं पाताळेश्वर लेणं ह्याच दगडात कोरलंय. दख्खनचा हा सगळा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपण पुणेकर रोज उठून ज्वालामुखीच्या दगडावरूनच ऑफिसला जातो.

मग लोक विचारायला लागले, ताई जिवंत ज्वालामुखी कुठे बघायला मिळेल?

त्या वेळी आम्ही एका मोठ्या टूर कंपनीचे सबएजंट होतो, युरोपचं पॅकेज विकायचं आणि कमिशन घ्यायचं. त्यांच्या टूरमध्ये एटना होता, पण कसा, तर पूर्ण भरलेली बस वर जायची, सिल्व्हेस्त्री विवरांपाशी थांबायची (ही १८९२ च्या उद्रेकातली, आता शांत आहेत), लोक फोटो काढायचे, दुकानातून मॅग्नेट घ्यायचे, बस खाली. डोंगराबद्दल कोणी एक अक्षर सांगायचं नाही. आमच्याकडून गेलेले एक निवृत्त मास्तर परत येऊन म्हणाले, "अहो, ते सगळं काळं काळं होतं, पण ते काय होतं ते कळलंच नाही." मला ते फार लागलं. नवऱ्याला म्हटलं आपण स्वतः करू, छोटा ग्रुप नेऊ, तिथला माणूस धरू. तो तेव्हा चिंचवडला एका कंपनीत मेंटेनन्सला होता, इंजिनं हा त्याचा जीव की प्राण, त्यामुळे क्वाडची कल्पना त्याची. पायी चढणं सगळ्यांना जमत नाही, बसमधून काही कळत नाही, क्वाडवर वारा, धूळ, दगडाचा खडखडाट सगळं अंगावर येतं आणि गाइड म्हणेल तिथे थांबता येतं.

गाइड शोधायला वेळ लागला. आम्ही दोघं आधी स्वतः जाऊन आलो, निकोलोसी म्हणून एटनाच्या दक्षिण उतारावर साधारण ७०० मीटरवर गाव आहे तिथे राहिलो आणि वेगवेगळ्या लोकांबरोबर राइड घेतली. ज्याच्याबरोबर आज काम करतो त्याने आम्हाला पहिला प्रश्न केला की तुमचे लोक काय चालवतात? म्हटलं स्कूटर. तो म्हणाला, मग त्यांना आधी शिकवून आणा.

त्याचं बरोबर होतं आणि ह्यातूनच पुण्याजवळ मुळशीला आमचं क्वाड शिकवायचं सेशन सुरू झालं. पुण्यात शाळकरी मुलापासून आजीपर्यंत सगळे दुचाकीवाले, आणि दुचाकीची सवय क्वाडवर घातक ठरते. दुचाकी जरा तिरकी झाली की आपण पटकन पाय टेकवतो, विचार न करता. क्वाडवर पाय खाली टेकवला तर मागचं चाक त्या पायावरून जातं. दुसरं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. इथे मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक छोटी दांडी दाबायची असते. आता घाबरल्यावर माणूस काय करतो, हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलं की अंगठाही दाबला जातो, म्हणजे जिथे थांबायचं तिथे गाडी पळते. तिसरं वळणं. बऱ्याच क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात त्यामुळे वळताना गाडी सरळच जायला बघते, तेव्हा हँडल नुसतं फिरवून भागत नाही, अंगाचा भार आतल्या बाजूला टाकायला लागतो. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे बसायचं, खालच्या गिअरवर इंजिनाच्या ब्रेकने उतरायचं. हे सगळं वाचून येत नाही, करूनच येतं.

म्हणून आम्ही दोन सेकंडहँड क्वाड घेतल्या, मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकरी दादांची पडीक जमीन भाड्याने घेतली, त्यात चढउतार आहेत, मुरूम आहे, एक ओढा आहे. आपल्याकडे अशा क्वाड रस्त्यावर चालवायला परवानगी नाही म्हणून त्या कायम तिथेच असतात, दुरुस्तीला काढायच्या तर टेम्पोत घालून. दिवसभर नवरा तिथे उभा राहून ओरडत असतो, "अंगठा सोडा! पाय वर!" लोणावळ्याला, पाचगणीला दोन राउंड मारलेले लोक म्हणतात आम्हाला येतं, पण सपाट गोल रिंगणात फिरणं आणि मोकळ्या खडीच्या उतारावरून खाली येणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेशन केल्याशिवाय आम्ही कोणालाच हँडल देत नाही, मग ती व्यक्ती बुलेटवर लडाखला जाऊन आलेली का असेना.

आता तिकडचा दिवस. सकाळी एटनाच्या पायथ्याच्या कतानिया शहरातून निकोलोसीला जायचं, हेल्मेट, गॉगल, तोंडाला रुमाल (पुण्याच्या मुलींना हे शिकवावं लागत नाही!), कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून चष्मा लावायचा कारण ज्वालामुखीची राख म्हणजे खरं तर काचेचा आणि दगडाचा बारीक चुरा, डोळ्यात गेली तर लेन्सखाली घासते. लायसन्स बघतात. पुढे गाइड, मध्ये आपल्या गाड्या, सगळ्यात मागे त्याचा दुसरा माणूस. धूळ इतकी उडते की रांग लांबली तर पुढच्याला शेवटचा दिसत नाही, आमचा ग्रुप छोटा असतो तो ह्याच कारणाने. दोन जास्तीची माणसं घेतली तर आमचा नफा वाढेल हे मलाही कळतं, पण गाइडच्या नजरेबाहेर माणूस गेलेला मला चालणार नाही.

गाव सोडलं की लगेच मोंती रॉस्सी लागतात, दोन लालसर टेकड्या, आज त्यांच्यावर पाइनचं जंगल आहे. ह्या टेकड्या १६६९ च्या मार्चमध्ये एका उद्रेकात तयार झाल्या. तिथूनच निघालेला लाव्हा गावं गिळत कतानिया शहराच्या भिंतीपर्यंत पोचला आणि समुद्रात गेला. तिथला उर्सिनो किल्ला तेव्हा समुद्रकाठी होता, लाव्ह्याने किनाराच पुढे सरकवला आणि आज तो किल्ला शहराच्या आत आहे. मी आमच्या लोकांना सांगते की सिंहगड घेतला १६७० च्या फेब्रुवारीत, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट, की तारीख एकदम घरची होऊन जाते. आपल्या सह्याद्रीतला लाव्हा कोट्यवधी वर्षं जुना, झिजलेला, गवताने झाकलेला. इथे प्रत्येक पट्ट्याला साल आहे. हा १८९२ चा, हा १९८३ चा, हा २००१ चा. उत्तरेला पियानो प्रोव्हेन्झानाला गेलात तर २००२ च्या लाव्ह्याने तिथलं स्कीइंगचं केंद्र बुजवून टाकलं ते दिसतं, कडेला वाळून पांढरी पडलेली झाडं अजून उभी आहेत. आपल्यापेक्षा वयाने लहान दगडावर हात ठेवायचा, हे मला जिऑलॉजी शिकूनही तिथे गेल्यावरच अनुभवायला मिळालं.

जंगल संपतं आणि रस्ता काळा होतो. चाकांखाली बारीक खडी, मागचं चाक जरा घसरतं, तेव्हा मुळशी आठवते, अंगठा हलका, भार आत. जूनच्या सुमाराला पिवळ्या फुलांची झुडपं असतात, काळ्या दगडावर ती इतकी उठून दिसतात की सगळे थांबायला सांगतात. गाइड थांबवतो तिथे हातात दगड देतो. एकदा सहकारनगरच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या, मुलाच्या मागे बसून आलेल्या, त्यांनी मुठीएवढा दगड जड असेल म्हणून दोन्ही हात पुढे केले आणि तो निघाला चुरमुऱ्यासारखा हलका. लाव्ह्यात विरघळलेला वायू बाहेर पडताना फेस होतो, तो फेस तसाच गोठला की असा भोकाभोकांचा दगड होतो. काकूंनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, नखाने भोकं तपासली, आणि मग होता तिथेच नीट ठेवला. पार्कातून दगड घरी आणायचा नाही हा आमचा नियम आहे आणि त्यात कोणालाही सूट नाही, माझ्यासकट.

नंतर एका लाव्ह्याच्या बोगद्यात उतरतो. वरचा थर थंड होऊन घट्ट झाला, आतला पातळ लाव्हा वाहून गेला आणि नळीसारखी पोकळी उरली. टॉर्च वर धरला की छताला वितळून ओघळलेल्या दगडाचे थेंब दिसतात. पूर्वी असल्या थंड गुहांमध्ये हिवाळ्यातला बर्फ साठवून उन्हाळ्यात खाली विकायचे, आज कतानियात नाश्त्याला जे ग्रानिता (गोड बर्फाचा चुरा) खातात त्याच्यामागे हा बर्फाचा धंदा आहे. जेवायला शाकाहारी लोकांची काळजी नको, पास्ता आल्ला नोर्मा हा कतानियाचाच पदार्थ, टोमॅटो आणि तळलेली वांगी, आपल्या मंडळींना फार आवडतो.

डोंगर नाही म्हणाला की नाही, ह्याच्यावर आमचा धंदा उभा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात राखेमुळे कतानियाचं विमानतळ बंद पडलं तेव्हा आमचा ग्रुप रोममध्ये होता. पालेर्मोला उतरलो, तिथून तीन-एक तास बसने. शहरात रस्ते काळे झालेले, लोक झाडूने गच्च्या झाडतायत. अशी राख पडली की तिथे दुचाकींना बंदी आणि चारचाकींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असे आदेश निघतात, कारण राखेवर चाकं गोळ्यांवरून गेल्यासारखी घसरतात. गाइड म्हणाला क्वाड नाही. एक-दोघं नाराज झाले, इतक्या लांब आलोय वगैरे, ते साहजिक आहे. मी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं आणि क्वाडचे पूर्ण पैसे परत केले, अर्धे नाही, पूर्ण. तिथल्या कंपनीशी करार करतानाच हे कलम घालून घेतलंय. २ जून २०२५ ला आग्नेय विवराचा भाग कोसळून राखेचा प्रचंड लोट खाली आला आणि उतारावरून पळणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, तेव्हा दिवसभर फोन वाजत होता. प्रत्येकाला हेच सांगितलं की आयएनजीव्ही ह्या इटलीच्या भूकंप-ज्वालामुखी संस्थेचं कतानियातलं केंद्र त्या डोंगरावर चोवीस तास लक्ष ठेवून असतं, गाइड रोज त्यांची माहिती बघतात, आणि ज्याला कॅन्सल करायचंय त्याने मोकळ्या मनाने करावं.

लॉकडाउनमध्ये सगळं ठप्प होतं, ऑफिस सोडून घरातून काम केलं, मुळशीच्या जागेचं भाडं शेतकरी दादांनी घेतलं नाही. हे मी कधी विसरणार नाही.

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात. परदेशी टूरवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस (पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर) कापावा लागतो, तो आमच्या खिशात जात नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना मिळतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून निघतं, एक वर्ष चालतं, व्हिसाच्या गडबडीत ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, पण त्या पॉलिसीत क्वाड चालवणं धरलंय का ते बारीक अक्षरात वाचायला लागतं, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं. आम्ही प्रत्येकाची पॉलिसी स्वतः वाचतो.

सध्या ऑफिसला आम्ही दोघं, माझी भाची आणि व्हिसाचं बघणारा एक मुलगा, एवढेच आहोत. ह्या वर्षीपासून निघायच्या आधी ग्रुपला एक दिवस सिंहगडावर नेणार आहोत, तांबडा थर आणि काळा थर आधी इथे हाताने बघायचा आणि मग तिकडे जायचं. मुळशीचं सेशन दिवाळीनंतर परत सुरू होतंय, पावसाळ्यात तिथे चिखलामुळे बंद असतं. ज्यांच्याकडे लायसन्स नाही ते मागे बसून येऊ शकतात, पण सेशन त्यांनाही करावं लागेल, कारण चढावर मागचा माणूस मागे कलला तर पुढच्याला गाडी आवरत नाही.