पाणी कोठून येणार होते? एका प्रश्नाने लांबवलेला माझा लघुशोधप्रबंध

एम.एड.च्या दुसऱ्या वर्षी लघुशोधप्रबंधाचा विषय निवडताना मी घाई केली, हे आता कबूल करते. महानगरपालिकेच्या शाळेतील चौथीच्या मुलांचे मराठी वाचन-आकलन मोजणारी चाचणी तयार करायची, असे मी लिहून दिले आणि चाचणीला दोन महिने पुरतील असे गृहीत धरले. लागले सात, आणि त्यांतला बराच काळ एका प्रश्नाने खाल्ला.

तयार साधन का वापरत नाही, असे मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारले. मुलांचे प्राथमिक वाचन आणि गणित तपासणाऱ्या, २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ सर्वेक्षणातली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही चढती पातळी मला ठाऊक होती. परंतु ते सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते आणि त्याचा भर मूल काय वाचू शकते यावर असतो. शब्दांत न सांगितलेली गोष्ट मूल मजकुरावरून ओळखते का, हे मला पाहायचे होते. मॅडमना ते पटले. मग संविधान तक्ता (कोणत्या घटकावर किती प्रश्न याचा आराखडा), तीस प्रश्न, तज्ज्ञांची मते, अप्पा बळवंत चौकातून काढलेल्या छायाप्रती हे सगळे रीतसर झाले. परवानगीसाठी एकच अर्ज तीन टेबलांवर तीनदा दिला. त्याविषयी एवढे पुरे.

पथदर्शी अभ्यासासाठी, म्हणजे चाचणी आधी करून पाहण्यासाठी, मिळालेली शाळा शहराच्या पूर्व कडेला होती. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली. त्यांपैकीच एका गावातली ही शाळा. वर्गात ३७ मुले होती. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या हिंदी, काहींच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली. मराठी घरची भाषा असलेली मुले जेमतेम निम्मी, आणि त्यांची मराठीही माझ्या मराठीसारखी नव्हतीच.

उत्तरपत्रिका तपासून गुणांनुक्रमे लावल्या, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे दहा-दहा मुलांचे गट केले आणि प्रत्येक प्रश्नाचे काठिण्य (किती मुलांना तो सुटला) व भेदनमूल्य (वरच्या गटाला तो खालच्या गटापेक्षा किती जास्त सुटला) काढले. प्रश्न १४ चे काठिण्य मूल्य ०.४५ आले. प्रश्न फार सोपा नाही, फार अवघडही नाही, म्हणून मी खूश झाले. भेदनमूल्य मात्र उणे ०.३ होते. चाचणीत एकूण चांगले गुण मिळवणाऱ्या दहांपैकी तिघांनी आणि कमी गुण मिळवणाऱ्या दहांपैकी सहांनी तो बरोबर सोडवला होता. पुस्तकी नियमाप्रमाणे असा प्रश्न सरळ वगळायचा. मॅडम म्हणाल्या, “वगळा, पण आधी मुलांना विचारून या.”

प्रश्न १४ चा उतारा मीच लिहिला होता. आई पहाटे उठते, पाणी यायची वेळ झालेली असते, ती हंडे-कळश्या दाराशी मांडून ठेवते. पाणी कोठून येणार होते? विहीर, नळ, टँकर, नदी. माझे उत्तर अर्थातच नळ, कारण माझे बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेले आणि पहाटेचे पाणी म्हणजे आमचा सामाईक नळ. ‘टँकर’ हा पर्याय मी निव्वळ चौथी जागा भरण्यासाठी घातला होता.

“बाई, नळ असला तर हंडे दारात कशाला ठेवतील?” वर्गात पहिल्या आलेल्या मुलीने मलाच उलटे विचारले. ती राहते त्या वस्तीत टँकर येतो. उताऱ्यातला पुरावा तिने माझ्यापेक्षा नीट वाचला होता. ‘नळ’वर खूण करणाऱ्या कच्च्या वाचकांपैकी चौघांना मी पर्याय मोठ्याने वाचायला लावले; काना-मात्रा नसलेला तो दोन अक्षरी शब्द तेवढा त्यांना वाचता येत होता. ‘टँकर’पाशी सगळेच अडले. जे वाचता आले त्यावर त्यांनी खूण केली, आणि त्याचा मी त्यांना एक गुण दिला होता.

त्या दिवशी घरी येऊन मी प्रकट वाचनाच्या, म्हणजे मुलांकडून मोठ्याने वाचून घेतल्याच्या, नोंदवह्या पुन्हा उघडल्या. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘होता’ला ‘व्हता’ म्हणणाऱ्या मुलांच्या नावापुढे मी चुकांच्या खुणा केल्या होत्या. छापलेले ‘होता’ पाहून मूल ‘व्हता’ म्हणते, तेव्हा त्याने शब्द ओळखलेला असतो, अर्थ लावलेला असतो आणि तो आपल्या घरच्या बोलीत उच्चारलेलाही असतो. यात वाचनाची चूक कोणती? पुण्यात ‘न’ आणि ‘ण’ यांवरून माणसाची इयत्ता ठरवण्याची खोड जुनी आहे, आणि ती माझ्या गुणदान योजनेत अलगद शिरली होती. सदतीस नोंदी मी नव्याने तपासल्या.

प्रश्न १४ मी वगळला नाही. पर्याय काढून “पाणी कोठून येणार असेल? तुला असे का वाटते?” असा तो बदलला आणि उताऱ्यातला आधार देणाऱ्याला दोन गुण, नुसते उत्तर देणाऱ्याला एक ठेवला. त्याने वेगळाच घोळ झाला. चाचणीचे गुण कितपत भरवशाचे हे मोजणारे कूडर-रिचर्डसनचे १९३७ मधले विसावे सूत्र एक किंवा शून्य गुणांच्या प्रश्नांनाच लागू पडते, त्यामुळे विश्वसनीयतेसाठी क्रोनबाखचा अल्फा हा दुसरा गुणांक काढावा लागला आणि ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले. अंतिम चाचणी दुसऱ्या शाळेत घेतली. तिथे दोन मुलांनी उत्तर लिहिले, ‘बोअर’, आणि कारणही दिले. त्यांना पूर्ण गुण मिळाले.

मौखिकीत बाह्य परीक्षकांनी विचारले, की या प्रश्नाची उत्तरसूची परिशिष्टात का नाही. मी त्यांच्यापुढे गुणदानाचे निकष आणि मुलांच्या अक्षरातली उत्तरे ठेवली. त्यांनी ती एकेक करून वाचली आणि मग पुढचे पान उलटले.