गॅदरिंगमधला वाडा

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या गॅदरिंगमधलं दीपप्रज्वलन, अहवालवाचन, बक्षिसं हे सगळं चारचौघांसारखंच. आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, हे कुठले ना कुठले पाहुणे सांगतातच, टाळ्याही पडतात. माझे डोळे लागलेले असतात ते दुसऱ्या वर्षाच्या वाड्याकडे.

ही मुलं पेठेतला एखादा वाडा मोजतात. चौकाचे दोन्ही डायगोनल घ्या, म्हणून मी त्यांचं डोकं खाते. नुसत्या चार बाजू मोजून चौक काटकोनी आहे की तिरका, ते कळत नाही. ओसरी, माजघर, कडीपाट, सगळं १:५० च्या प्रमाणात कागदावर उतरतं. मग गॅदरिंगला हे काम वाड्यातल्या माणसांसमोरच मांडायचं. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, न डगमगणारी पोरं इथं घाम पुसतात!

एकदा कसब्यातल्या एका आजींनी भर सभेत काठी उगारून शीट दाखवली. "स्टोअर कसली रे? बाळंतिणीची खोली ती. माझी तिन्ही मुलं तिथलीच." पोरानं तिथल्या तिथे 'स्टोअर' खोडून पेन्सिलीनं 'बाळंतिणीची खोली' लिहिलं. पुढे एक परीक्षक त्या खाडाखोडीचे मार्क कापायला निघाले, तेव्हा मी कडाकडा भांडले. तो वाडा नंतर बिल्डरकडे गेला. शीट लायब्ररीत आहे. मागितलीत तर दाखवीन.

बाणेरला ऑफिसं थाटलेले आमचे माजी विद्यार्थी मात्र बरोबर जेवणाच्या वेळेला उगवतात. ट्रॅफिक म्हणे! आजी रिक्षानं वेळेच्या आधी आल्या होत्या.

हे सगळं पार पडतं ते मॉडेलचे बेस कापून देणाऱ्या वर्कशॉपच्या मिस्त्रींमुळे, आदल्या रात्री दुकान उघडं ठेवणाऱ्या मोठी ड्रॉइंग छापून देणाऱ्या प्लॉटरवाल्या काकांमुळे, जुनी ड्रॉइंग शोधून देणाऱ्या लायब्ररीच्या ताईंमुळे. कॅन्टीनच्या मावशी रात्री उशिरापर्यंत चहा पुरवतात. वॉचमनमामा स्टुडिओ बंद करायला मुद्दाम विसरतात. माईकवाला, रांगोळीच्या मुली, वाड्यातल्या आजोबांना खुर्चीसकट वर आणणारी तिसऱ्या वर्षाची पोरं... आणि हो, सतरंज्या घालणारे आमचे शिपाईमामा. मागच्या वर्षी आभारात नेमके तेच राहिले, आठवडाभर गप्प होते. यंदा आभाराचा कागद मीच लिहून देणार आहे.