रोजच्यापुरतं बळ

५ मार्च २०२५, भस्म बुधवार

लेंट, ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला. संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, या चाळीस दिवसांत प्रभूसाठी काय सोडणार? आमच्या मंडळीत बरेच जण मटण-मासे सोडतात, कुणी एक वेळचं जेवण, पोरं मोबाइलवरचे गेम. मी यंदा सोडण्याऐवजी एक गोष्ट धरायची ठरवली आहे. जमेल त्या रात्री, दोन ओळी का होईना, पप्पांबरोबरचा दिवस कसा गेला ते देवासमोर खरं खरं लिहायचं.

पप्पांना पार्किन्सन्स आहे. मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि शरीर मनाचं ऐकेनासं होतं. लोकांना वाटतं, हा हात थरथरण्याचा आजार. थरथर तर आम्ही विसरूनही जातो. चेहऱ्याचे स्नायू आखडल्यामुळे पाहुण्यांना पप्पा रागावलेत असं वाटतं. आवाज पार खोल गेलाय. खुर्चीतून उठणं, अंथरुणात कुशीवर वळणं, घास गिळणं, यातलं काहीही आपोआप होत नाही. लेव्होडोपाची गोळी सहा, अकरा, चार आणि नऊला, तीही जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, कारण डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. गोळीला उशीर झाला की पप्पा बसल्या जागी थिजतात.

माझी एमआयडीसीतली पहिली पाळी सातला सुरू होते. म्हणजे साडेपाचला उठून पप्पांचं तोंड धुणं, गोळी, कपडे, मग माझं आवरणं. पलीकडच्या मोहल्ल्यात सध्या रमजानच्या सहेरीची जाग असते, त्यामुळे एवढ्या पहाटे आपण एकटेच उठलोय असं वाटत नाही. रात्री मात्र वाटतं. दोन वाजता ओली चादर बदलताना माझ्या मनात जे येतं, ते प्रार्थनेत बोलण्यासारखं नसतं. पण तेच बोलायचं आहे. स्तोत्रकर्त्याने ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं सरळ विचारलंय, आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलंय.

९ मार्च, रविवार

मोरीचा उंबरठा दोन बोटं उंचीचा असेल. पप्पा त्याच्यापाशी येऊन थांबतात आणि पाय जमिनीला चिकटतात. शरीर पुढं झुकतं, पावलं तिथंच. ओढलं तर पडायची भीती. ‘चला ना पप्पा’ म्हटलं की आणखी घट्ट होतात. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलंय की या आजारात चालण्याचा आतला ताल हरवतो, पण बाहेरून ताल दिला तर मेंदू दुसऱ्या वाटेने ते काम करून घेतो. म्हणून एक-दोन, एक-दोन मोजायचं, नाहीतर फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवून त्या ओलांडायला लावायचं. पट्ट्या आम्ही लावल्या. मोजून मात्र काही होईना.

आज उपासनेला जायची घाई होती. मी त्यांच्या बगलेत हात घालून उभा होतो आणि नकळत रेव्हरंड टिळकांचं एक भजन गुणगुणायला लागलो, पप्पा पूर्वी मंडळीत पेटीवर धरायचे तेच. डाव्या हाताने त्यांच्या पाठीवर भजनी ठेका धरला. दुसऱ्या आवर्तनाला समेवर त्यांचा उजवा पाय उचलला गेला. उंबरठ्यापलीकडे. मग डावा. मी थांबलो नाही, मोरीतल्या पाटापर्यंत भजन चालूच ठेवलं. पाटावर बसताना पप्पांनी काहीतरी म्हटलं. कान त्यांच्या तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, ‘लय धावतेय तुझी.’

ते आमचे पहिले गुरुजी. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं आणि दर रविवारी पेटीवर बसले. नारायण वामन टिळकांनी आमच्या या अहमदनगरात राहून ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं, आणि आमच्यासारख्यांची घरं त्या गाण्यांवर वाढली. तीच भजनं आज मोरीच्या उंबरठ्यावर उपयोगी पडली. देवाची स्तुती करायला मन निर्मळ आणि शांत हवं अशी माझी समजूत होती. आज मी घाईत होतो, वैतागलो होतो, ओठांवरचे शब्दही अर्धवट होते. तरी ती स्तुतीच होती, आणि तिने एका माणसाचा पाय उचलला.

१४ मार्च, धुळवड

सुट्टी. पप्पांचं जुनं बायबल पुसायला काढलं. समासात त्यांच्या टिपा आहेत. सुरुवातीच्या शाळामास्तरी अक्षरातल्या, टपोऱ्या, शिरोरेखा पट्टीने ओढल्यासारख्या. पुढे अक्षर लहान होत गेलंय, शेवटी मुंगीएवढं. हे या आजाराचं लक्षण असतं, फार आधीपासून दिसतं, असं आम्हाला नंतर कळलं.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात, त्या बारीक अक्षरात, एक तारीख लिहिलेली सापडली. निदान झालं त्या आठवड्यातली. जागा अशी: पुनरुत्थित येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो, तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर कसून हवं तिकडे जायचास, पण म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको असेल तिकडे नेईल. योहानाने पुढे लिहिलंय की पेत्र कोणत्या मरणाने देवाचं गौरव करील ते सुचवायला प्रभू हे बोलला. आणि लगेच प्रभू म्हणतो, माझ्यामागे ये.

म्हणजे पप्पांनी तेव्हाच हे स्वीकारायला सुरुवात केली होती. कुणालाही न सांगता.

मी रोज सकाळी त्यांना सदरा घालतो तेव्हा ते दोन्ही हात लांब करतात. बटणं लावताना माझी बोटं त्यांच्या हनुवटीला लागतात. मी हे आजवर माझं काम समजत होतो, माझी सेवा, माझा त्याग. आज दिसलं की त्या क्षणी खरं कठीण काम ते करतात. ज्या माणसाने मला बटण लावायला शिकवलं, तो रोज माझ्यापुढं हात लांब करतो. माझ्यामागे ये, हे त्यांनी ऐकलेलं आहे आणि ते चाललेत.

२० मार्च

काल आमच्याकडे कॉटेज प्रार्थना होती. लेंटमध्ये घरोघरी पाळीने असते. तीसेक माणसं, चटया, चहा-बिस्किटं, दोन गीतं, वचन. पप्पा मध्ये खुर्चीत. शेवटी बाहेरून आलेल्या एका ख्रिस्ती बंधूंनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. आमेन झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, या घरात विश्वास वाढला पाहिजे, कुठंतरी अडथळा आहे, नाहीतर आतापर्यंत चमत्कार झाला असता.

ही आतल्या खोलीत जाऊन रडली. मला रात्रभर झोप आली नाही.

मी चमत्कार मानतो, आणि पप्पा बरे व्हावेत म्हणून रोज प्रार्थना करतो. पण आजाऱ्याच्या घरात बसून त्याच्या विश्वासाचं माप काढणं हे प्रभूचं शिक्षण नाही, हे मी ठामपणे लिहून ठेवतो. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं. प्रेषित पौलाने देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे.’ पौलाचा विश्वास कमी पडला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

सकाळी पप्पांना विचारलं, काल वाईट वाटलं का? त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, ‘त्याच्यासाठी प्रार्थना कर.’ मी अजून केलेली नाही. जमेल तेव्हा इथं लिहीन.

३० मार्च, पाडवा

समोरच्या काकूंनी गुढी उभारली आणि श्रीखंडाची वाटी पाठवली. पप्पांना श्रीखंड फार आवडतं. गोळीच्या वेळेपासून लांब ठेवून चार चमचे दिले.

दुपारी पुण्याहून भावाचा फोन. पैसे पाठवतो, नियमित पाठवतो, ते नाकारून चालणार नाही. येत नाही. पप्पांना असं बघवत नाही, म्हणतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ इथपर्यंत आलो की माझा आवाज आपोआप खाली जातो, कारण त्या वाक्याचा दुसरा भाग, आम्हीही आमच्या ऋण्यांना सोडल्याचा, मला ठाऊक आहे. मुलगी शेजारी असते आणि तिला सगळं ऐकू येतं.

संध्याकाळी बायबलमधल्या निर्गमाचा सोळावा अध्याय वाचला. रानात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, मिळाला. ज्याला जेवढा लागतो तेवढा, माणशी एक ओमर, म्हणजे एक माप. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा. मला हा अध्याय लहानपणी शब्बाथ शाळेत चित्रासकट पाठ होता. आज तो माझ्याशी बोलला. मी देवाकडे वर्षभर काय मागतोय? हा आजार संपेपर्यंत पुरेल एवढा धीर. पुढची पाच वर्षं, दहा वर्षं, पप्पा अंथरुणाला खिळतील तेव्हासाठी, गिळता येणार नाही तेव्हासाठी, सगळा एकदम. तो मिळत नाही म्हणून मला वाटायचं, माझी वाढ खुंटली आहे. पण साडेपाचला उठायचं बळ रोज मिळतं. रात्री दोनला चादर बदलायचं मिळतं, कितीही कुरकुर केली तरी. साठा मिळत नाही. कोठार भरलेलं असतं तर मी पहाटे देवाकडे गेलोच नसतो.

भावाला माफ करणंही मला असंच करावं लागणार, असं दिसतंय. आज दुपारच्या फोनपुरतं केलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन येईल.

६ एप्रिल, रविवार

पप्पांना लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी वाचून दाखवतो आहे. त्यांना जवळजवळ पाठ आहेत, तरी हवं असतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, ताटातूट झाली. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षं त्यांनी कुठल्या शिबिरात काढली नाहीत. स्वयंपाक, पाणी, पोर, नवऱ्याशी वाद, शेजार, यातच त्यांच्या मनातलं सोवळं एकेक करून गळालं.

प्रवचनांतून साक्ष ऐकताना आपल्याला एका रात्रीत पालटलेली माणसं भेटतात. मला चुलीपाशी पालटलेल्या बाईंचा आधार जास्त वाटतो.

११ एप्रिल

आज जागतिक पार्किन्सन दिन. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांचा जन्मदिवस, त्यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. आज दुसरी पाळी होती. पप्पा जेवताना ठसकले, बराच वेळ खोकत होते, ही घाबरली. आता पाणीसुद्धा थोडं दाट करून द्यायचं. उद्यापुरतं बळ उद्या मागीन. फार दमलोय.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

बारा ते तीन उपासना, प्रभूचे क्रुसावरचे सात उद्गार. पप्पांना व्हीलचेअरवर नेलं. ‘मला तहान लागली आहे’ या उद्गारावर बोलणाऱ्या ताई फार साध्या बोलल्या: प्रभूलाही शेवटी कुणीतरी पाजावं लागलं. मी पप्पांच्या हातातल्या चमच्याकडे बघत होतो. दाट केलेलं पाणी आम्ही बाटलीतून नेलं होतं.

त्या प्रार्थनावाल्या बंधूंसाठी आज प्रार्थना केली. मनापासून झाली की नाही माहीत नाही, पण त्यांचं नाव घेऊन केली.

१९ एप्रिल, शनिवार

आज उपासना नाही. लूक लिहितो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ पाळला. एवढंच. दुसऱ्या दिवशी काय होणार याची त्यांना कल्पना नव्हती. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया, सलोमे, या पहाटे कबरेकडे निघाल्या त्या पुनरुत्थान बघायला नाही. मेलेल्या देहाची राहिलेली सेवा पुरी करायला निघाल्या. धोंड कोण लोटणार हेही ठरलं नव्हतं. देहाचं काम करायला गेल्या आणि सुवार्ता पहिल्यांदा त्यांच्या कानी पडली. शिष्य घरात बसले होते.

हे मी इतकी वर्षं ऐकतोय, पण पप्पांना आंघोळ घालणारा माणूस म्हणून पहिल्यांदाच ऐकलं.

उद्या पहाटे पाचला सूर्योदयाची उपासना आहे. पप्पांना यायचंय. डॉक्टरांना फोन करून विचारलं, सहाची गोळी उद्यापुरती चारला दिली तर चालेल का. चालेल म्हणाले, पुढच्याही त्याच हिशोबाने द्या. हिने पप्पांच्या पांढऱ्या सदऱ्याला बटणांऐवजी वेल्क्रो लावून घेतलंय. भावाचा फोन आला होता, तो रात्रीच्या गाडीने येतोय, म्हणतो. अंथरूण घालून ठेवलं आहे. गजर साडेतीनचा.