मामांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि पाचशे रुपयांचे कंडेन्सर

मामांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. वाईच्या आसपास लग्न, जत्रा, गणपती, कुठंही कर्णा बांधायचा असला की मामांना सांगावा यायचा. धंदा बंद होऊन जमाना झाला, पण अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून होता. १९७०च्या आगेमागे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुणाकडून तरी जुळवून घेतलेला. त्यामुळे ना कंपनीचं नाव, ना सर्किटचा कागद. आत ट्रान्झिस्टरच्या आधीच्या जमान्यातले काचेचे व्हॉल्व्ह: आवाज काढायला दोन ईएल ८४, त्यांच्या अलीकडे ईसीसी ८३ आणि एसीचा डीसी करायला ईझेड ८१. व्हॉल्व्हच्या काचेवरची 'बीईएल' (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ही अक्षरं अजून पुसटशी वाचता येतात. मामा म्हणाले, "ने पुण्याला, बघ जमतंय का. पर इजेला जपून." मशीन तपासायची त्यांची एकच रीत: ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवायचा आणि आकडे मोजायचे. "धा मोजंस्तवर हात ठिवता आला, की मशीन बरं हाय."

घरी आणून आधी सिरीज बल्ब लावला, म्हणजे मशीनची वीज एका बल्बमधून घेतली. सगळं ठीक असेल तर तो चमकून मंद होतो. बल्ब मंद होईना, लालसर जळतच राहिला. कुठंतरी वीज जास्त ओढली जातेय हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला आवाज ऐकायची घाई! थेट प्लगला लावला. अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून नुसता घुंऽऽ आणि एका ईएल ८४ची आतली प्लेट लाल व्हायला लागली. झटकन बटण बंद केलं. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला, मामांच्या हिशेबात सहा झाले.

घुंऽऽ आवाज म्हणजे फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, कंडेन्सर वाळलेले, एवढं माहीत होतं. चासीवरच्या (मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्यावरच्या) अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात ३२ अधिक ३२ एमएफडी (मायक्रोफॅरड), ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर एकत्र होते. असा डबा आता मिळत नाही, मिळाला तरी घेऊ नये. इलेक्ट्रोलाइट नुसत्या पडून राहण्यानंही बिघडतं, त्यामुळे 'जुना पण न वापरलेला माल' हे कौतुक व्हॉल्व्हच्या बाबतीत ठीक आहे, इथे नाही. मी बाजारात गेलो आणि ज्या दुकानात सगळ्यात स्वस्त मिळाले तिथून ४७ एमएफडी, ४५० व्होल्टचे दोन नग उचलले. निळे, मोठे, दिसायला झकास. लावले आणि घुंऽऽ गेला.

प्लेट मात्र लाल होतच होती. मग संशय गेला मेणाच्या कागदी कंडेन्सरांवर. हे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंटला लगाम घालणाऱ्या आतल्या जाळीकडे) फक्त आवाज जाऊ देतात आणि मागचा दोनेकशे व्होल्टचा डीसी अडवतात. ते गळायला लागले की ग्रिडवर धन व्होल्टेज चढतं आणि व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो. आधी व्हॉल्व्हचा जीव जातो, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. आणि गंमत म्हणजे मल्टिमीटरवर हाच कंडेन्सर ठणठणीत दिसतो. माझ्याकडचा ०.०५ एमएफडीचा नग ०.०७ दाखवत होता. मला वाटलं, वा, वाढलाच की! गळका कंडेन्सर साध्या मीटरवर उलट जास्तच दाखवतो हे नंतर कळलं. मीटर त्याला दोन-चार व्होल्टवर तपासतो, तो गळतो दोनशेवर.

खरी तपासणी अशी: दोन्ही ईएल ८४ काढायचे, मशीन चालू करायचं आणि रिकाम्या सॉकेटच्या ग्रिडच्या पिनवर चासीच्या संदर्भात डीसी मोजायचा. शून्याच्या आसपास हवा. एकीकडे ११ व्होल्ट आले, दुसरीकडे चार. चोर सापडला म्हणून मी खूश, तोच चासीखालून 'सूंऽ' आवाज आला आणि सडलेल्या माशासारखा वास. नव्या निळ्या कंडेन्सरचं डोकं फुगून फुटलं होतं.

चूक माझी आणि दुकानदाराची, निम्मी निम्मी. व्हॉल्व्ह काढले की भार जातो आणि एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, चढतं. माझा ट्रान्सफॉर्मर २७०-०-२७०चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे २७० व्होल्ट एसी. एसीचं टोक काढायला त्याला १.४१ने गुणा, ३८० होतात. लाइनला २३०च्या जागी २५० व्होल्ट आले तर ४१५. ४५० व्होल्टच्या नगाला यात काही व्हायला नको होतं. म्हणून निळं आवरण ब्लेडनं उभं चिरलं. आत दुसरं आवरण, काळं. त्यावर छापलेलं: २५० व्होल्ट.

दुसऱ्या खेपेला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत एका जुन्या मेकॅनिक काकांना गाठलं. त्यांनी माझा फुटका नग तळहातावर तोलला, हसले आणि म्हणाले, "वजन बघायचं असतं, रंग नाही." ईझेड ८१च्या लगेच पुढच्या, म्हणजे पहिल्या, कंडेन्सरला ४७ घालू नका हेही त्यांनीच सांगितलं. ईझेड ८१ला पहिल्या जागी ५० एमएफडीच्या वर चालत नाही, आणि ४७चा नग वीस टक्के जास्त निघाला तर ५६ होतो. हम (तोच घुंऽऽ) मारायच्या नादात लोक शंभर घालतात आणि व्हॉल्व्हच्या आत ठिणगी पडते. म्हणून पहिला ३३, दुसरा ४७, दोन्ही ४५० व्होल्ट आणि १०५ डिग्रीचे. ८५चे थोडे स्वस्त होते, पण चासीखाली भट्टी असते. दर दहा डिग्री कमी झाले की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ हिशेब. १०५ला २,००० तास लिहिलेला नग ६५ला ३२,००० तास जातो, ८५वाला तिथे ८,०००.

केलट्रॉन कंपनीचे, म्हणजे केरळातल्या कन्नूरचे, चालतील का विचारलं. काका म्हणाले, "न चालायला काय झालं? नामांकित जपानी मिळाला तर तो घ्या, नाहीतर हा. फक्त बिल देणाऱ्याकडून घ्या."

मेणाच्या जागी ०.०४७चे फिल्म कंडेन्सर, ६३० व्होल्टचे. त्यावर ४७३जे असं लिहिलेलं असतं: ४७ आणि पुढे तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये. बारा रुपयांना एक. एका मित्रानं अठराशे रुपयांचा एक असे 'ऑडिओ'वाले सुचवले होते. अहो, कर्ण्यातून खर्ज येतच नाही, तिथे चांदीच्या तारेचं काय करू? एप्कॉसचे फिल्म कंडेन्सर आपल्या नाशिकला बनतात, तेच बसवले. कॅथोडचे छोटे २५ एमएफडीचे बदलले. अभ्रकाचे मात्र हलवले नाहीत, ते बिघडत नाहीत सहसा.

एक नग मात्र पैशाचा विचार न करता घेतला: मेन लाइनपासून चासीला गेलेला. तिथे जुना कागदी होता. तो शॉर्ट झाला की माइक धरणाऱ्याला झटका. त्याजागी वाय२ प्रकारचा, जो मेला तरी शॉर्ट न होता तुटावा असाच बनवलेला असतो. सोबत अर्थिंगची तीन पिनी वायर.

सगळं मिळून पाचशेच्या आत. जुना डबा दिसायला तसाच वर ठेवला, आतून तोडला. नवे नग खाली टॅगपट्टीवर, ईझेड ८१पासून लांब. हात घालण्याआधी दर वेळी १० के, ५ वॅटचा रेझिस्टर लावून चार्ज उतरवला. सिरीज बल्ब या वेळी चमकून मंद झाला. ग्रिडवर शून्य.

दिवाळीत वाईला नेला. तासभर चालवून मामांनी तळवा ठेवला. दहा झाले, पंधरा झाले. हात न काढता म्हणाले, "कर्णा कुठंय? माळ्यावरच हाय का?"