स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोल आणि खिडकीकडं सरकलेला बुवा

मागच्या दिवाळीत आप्पांसाठी एक छोटा ॲम्प (ॲम्प्लिफायर) बनवला. टीपीए ३११६ या ॲम्प आयसीचा तयार बोर्ड, २४ व्होल्टचा अडॅप्टर, घरातलेच जुने ८ ओहमचे दोन स्पीकर आणि आप्पांचा जुना डीव्हीडी प्लेअर, कारण त्यांच्या भजनाच्या सगळ्या सीड्या त्याच्यावरच चालतात आणि त्यांना मोबाईल ब्लूटूथ वगैरे नको असतं. बोर्डवर व्हॉल्यूम नव्हता म्हणून तापकीर गल्लीतून ५० के (५० हजार ओहम) चा साधा स्टिरिओ पॉट, म्हणजे नॉबवाला बदलता रेझिस्टर, आणला, चहाच्या दोन कपांच्या पैशात आला, जोडला, दिवसा वाजवून बघितलं, मस्त. मी पुण्याला परत.

आठ दिवसांनी आप्पांचा फोन. "अरे, पहाटे बुवा खिडकीकडं सरकतो बघ. दिवसा परत मधे येतो."

खिडकी डाव्या स्पीकरच्या बाजूला आहे. आप्पा पहाटे पाचला उठतात, बाकी घर झोपलेलं असतं म्हणून आवाज अगदी बारीक ठेवतात. आणि तेवढ्याच वेळी बुवा, म्हणजे भजन गाणाऱ्याचा आवाज, डावीकडं. मला लगेच कळलं काय झालंय ते, आणि वाईट पण वाटलं, कारण मी फक्त मोठ्या आवाजात टेस्ट केलं होतं.

स्टिरिओ पॉटमधे एकाच दांड्यावर दोन वेगळ्या कार्बनच्या पट्ट्या असतात, एक डाव्या चॅनलची एक उजव्या. दोन्हीचा रोध (ओहम) नॉबच्या प्रत्येक जागेवर सारखा असायला हवा पण स्वस्त पॉटमधे नसतो, आणि सगळ्यात जास्त फरक असतो तो सुरुवातीच्या भागात, म्हणजे नॉब नुकता शून्यावरून उचलला की तिथे. पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा पॉट सोडवून मल्टिमीटर लावला. आप्पा जिथे नॉब ठेवतात त्या जागेवर मधली पिन ते ग्राउंड डावीकडं १.३ के आणि उजवीकडं ०.९ के. दिसायला ४०० ओहमचा फरक, पण हिशोब केला तर ३ डीबीच्या (डेसिबल, आवाजातला फरक मोजायचं माप) वर जातो, आणि १ डीबी म्हणजे व्होल्टेजमधे साधारण १२ टक्के हे लक्षात ठेवलं की दुकानात उभ्या उभ्या पण अंदाज येतो. तोच पॉट अर्ध्यावर नेला तर फरक जवळजवळ नाहीच. म्हणून दिवसा बुवा मधे.

अशा वेळी बरेचजण सांगतात की आल्प्स कंपनीचा निळा आरके २७ पॉट घाल आणि विषय संपव. पॉट खरंच चांगला आहे, माझ्या स्वतःच्या ॲम्पमधे आहे. पण बाजारात त्याच्या नकला इतक्या आहेत की हातात आलेला खरा आहे याची खात्री नसते, आणि खरा घेतला तर तो एकटा पॉट आप्पांच्या अख्ख्या बोर्डपेक्षा महाग पडतो. माझं मत आता पक्कं झालंय की छोट्या घरगुती ॲम्पला महाग पॉटची गरज नाही, स्वस्त पॉट कुठल्या भागात फिरवला जातोय ते सुधारलं की बहुतेक त्रास जातो.

सगळ्यात आधी जास्तीचा गेन, म्हणजे बोर्ड सिग्नल किती पट मोठा करतो ते. डीव्हीडी प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो. बोर्डचा गेन २६ डीबी, म्हणजे २० पट. ८ ओहमवर २० वॅट हवे असतील तर स्पीकरला १२.६ व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला फक्त ०.६३ व्होल्ट. आपल्याकडे त्याच्या तिप्पट येतायत, मग साहजिकच नॉब कायम घड्याळातल्या आठ वाजताच्या जागेवर अडकून बसतो, जिथे पॉट सगळ्यात वाईट आहे. याला उपाय एक रुपयाचा, पॉटच्या आधी प्रत्येक चॅनलला सिरीजमधे एक रेझिस्टर. मी १० के चा पॉट धरून (५० के का नको ते पुढे येतं) १५ के घातला. ३११६ ची इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला दिसणारा रोध) २६ डीबी गेनला ३० के असते (गेन वाढवला तर ती अजून कमी होते, ३२ डीबीला १५ के), ती पॉटला समांतर धरली तर पूर्ण व्हॉल्यूमला साडेनऊ डीबी कमी होतात, म्हणजे बरोब्बर हवे तेवढे. कुणाकडं फारच बारीक आवाजाची जुनी रेकॉर्डिंग असतील तर १५ ऐवजी ६.८ के घाला, थोडी जागा वर राहते.

या ३० के मुळेच पॉट किती ओहमचा ते पण महत्त्वाचं आहे. ५० के चा पॉट मधे कुठेतरी असला की त्याची बाहेरची इम्पीडन्स १२.५ के पर्यंत जाते आणि पुढं ३० के चा लोड, मग पॉटचा कर्व्हच वाकडा होतो. १० के चा असेल तर ती फार तर २.५ के. दुकानदार न विचारता ५० के किंवा १०० के काढून देतो कारण ४४४० (एक ॲम्प आयसी) आणि टोन कंट्रोलच्या बोर्डला तेच खपतात, तेव्हा आपण स्वतः १० के मागायचा. डीव्हीडी, लॅपटॉप, डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) हे सगळे १० के आरामात चालवतात. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प असेल तर मात्र नाही, तिथे ५० किंवा १०० च.

मग ए आणि बी. पॉटवर ए१०के लिहिलं असेल तर लॉग (रोध आधी हळू आणि मग भराभर वाढतो), बी१०के असेल तर लिनिअर (नॉब फिरेल तसा सारखाच वाढतो). काही जुन्या युरोपियन पॉटवर हे उलटं असतं म्हणून मीटर लावून बघणं बरं, नॉब बरोब्बर अर्ध्यावर आणि मधली पिन ते ग्राउंड मोजा, एकूण रोधाच्या निम्मा आला की लिनिअर, दहा पंधरा टक्के आला की लॉग. व्हॉल्यूमला लॉग लागतो कारण आपला कान तसा ऐकतो, आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात आणि लिनिअर पॉट अर्ध्यावर आणला तरी फक्त ६ डीबी कमी होतात, मग सगळा व्हॉल्यूम सुरुवातीच्या पाव भागातच येऊन जातो आणि पुढं नॉब फिरवून काही फरकच वाटत नाही.

गंमत अशी की स्वस्तातला लॉग पॉट खरा लॉग नसतोच, दोन वेगवेगळ्या कार्बनच्या सरळ पट्ट्या जोडलेल्या असतात आणि दोन्ही चॅनलचा तो जोड नेमका एकाच जागी येईलच असं नाही. लिनिअर पॉटमधे अख्खी पट्टी एकसारखी, त्यामुळे डावं-उजवं जास्त जुळतं. म्हणून जुनी युक्ती, लिनिअर पॉट घ्यायचा आणि मधली पिन ते ग्राउंड एक रेझिस्टर लावायचा. ५० के लिनिअरला ६.८ के लावला तर अर्ध्यावर १५ डीबी कमी होतात, लॉगच्या बराच जवळ. पण त्यामुळे पूर्ण व्हॉल्यूमला मागच्या यंत्राला ६ के चाच लोड दिसतो, डीव्हीडी प्लेअरला ते चालतं, सगळ्यांनाच चालेल असं नाही.

दुकानात मी आता मीटर घेऊनच जातो. चार पाच पॉट मागायचे, पाव आणि अर्ध्या जागेवर दोन्ही बाजू मोजायच्या, सगळ्यात जुळणारा घ्यायचा. गर्दी नसेल तर दुकानदार काही म्हणत नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पण कुणी अडवलं नाही. आणि चारही पॉट विकत घेतले तरी निळ्यापेक्षा स्वस्तच.

आप्पांसाठी मात्र मी शेवटी पॉटच काढून टाकला. त्यांना हव्या असतात चार पाच ठरलेल्या जागा, आणि अंधारात चष्म्याशिवाय हाताला कळल्या पाहिजेत. मग दोन पोल सहा वे चा (दोन चॅनल, सहा जागा) रोटरी स्विच आणला, बॅंड स्विच म्हणून मागितला तरी देतात. त्याच्यावर एक टक्क्याचे पाव वॅटचे एमएफआर (मेटल फिल्म रेझिस्टर), प्रत्येक चॅनलला वरून खाली ५.१ के, २.४ के, १.५ के, ६८० ओहम, ३३० ओहम. बेरीज १० के. सगळ्यात वरच्या टोकाला पूर्ण आवाज, मग उणे ६, उणे १२, उणे २०, उणे ३० आणि शेवटची पिन ग्राउंडला म्हणजे बंद. आधीचा १५ के तसाच स्विचच्या आधी ठेवला. आता डाव्या-उजव्यातला फरक रेझिस्टरच्या एक टक्क्यावर आहे, वाईटात वाईट धरला तरी अर्ध्या डीबीच्या आत. उणे ३० म्हणजे पॉवरचा हजारावा भाग, २० वॅटचे २० मिलिवॅट, पहाटेच्या खोलीला भरपूर होतात.

स्वतःसाठी मला सहा जागा कमी पडतील. बारा जागांचा दोन पोल हवा तर दोन थरांचा स्विच लागतो, साध्या एका थरात बारा वे एकच पोल मिळतो. आणि स्वस्त रोटरी बहुतेक नॉन-शॉर्टिंग असतात, एक जागा सोडून दुसरी पकडेपर्यंत मधली पिन हवेत राहते, तेव्हा टक् आवाज येऊ शकतो. म्हणून मधली पिन ते ग्राउंड १ मेगओहमचा रेझिस्टर कायम जोडून ठेवायचा. पॉटला पण हाच लावा, पुढं कधी पट्टीवर धूळ बसून संपर्क सुटला तर ॲम्पचं इनपुट उघडं पडत नाही.

जोडणीत लोक हमखास चुकतात म्हणून तेही सांगतो. दांडा आपल्याकडं, पाय खाली, असा पॉट धरला तर डावा पाय ग्राउंड, मधला ॲम्पकडं, उजव्यावर सिग्नल आत. लाकडी पेटीत बसवला आणि नॉबला हात लावला की गुणगुण वाढत असेल तर पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला जोडा, जोडायच्या जागी आधी पत्रा घासून घ्या नाहीतर सोल्डर धरत नाही. नवाकोरा पॉट फिरवताना खरखरतोय तर त्याला दोष देऊन बदलत बसू नका, आधी मीटरने बघा पॉटवर डीसी येतोय का, बहुतेक वेळा मागचा पुढचा कपॅसिटर गळत असतो किंवा घातलेलाच नसतो. आणि पॉट स्पीकरच्या वायरमधे लावायचा नाही म्हणजे नाहीच, कार्बनची पट्टी जळते. शाळेतल्या एका पोराने हौसेने केलेला असा ॲम्प माझ्याकडं आला होता, पॉटचा वास अख्ख्या पेटीत बसला होता. तो काढून नवा पॉट इनपुटला लावून दिला, आता छान वाजतोय.

रिमोट हवा असेल तर पीटी २२५८ सारखी व्हॉल्यूमची आयसी आहे, सहा चॅनल, १ डीबीच्या पायरीने उणे ७९ पर्यंत, ५.१ (सहा स्पीकरचा सराउंड) करणाऱ्यांना फारच सोयीची, पण सोबत मायक्रोकंट्रोलर आणि कोड आला. एक्स९सी१०३ या डिजिटल पॉटचे मॉड्यूल पण स्वस्तात मिळतात, ते मी ऑडिओला घेणार नाही, शंभर पायऱ्या आहेत पण लिनिअर, आणि व्हॉल्यूमला लिनिअर का नको ते वर आलंच.

रोटरी बसवून आलो त्याला आता तीन महिने होतील. आप्पांनी नॉबच्या टोकाला आईच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय, पण पहाटे तोही लागत नाही, बंदपासून एक टक् मोजतात आणि भजन लावतात. परवा फोनवर मी विचारलं बुवा कुठे आहे, तर म्हणाले, "मधोमध. पेटीवाला तेवढा उजवीकडं बसलाय, पण तो तिथंच बसत असणार."